एमपीमॅथचा सीप्लॉट: संमिश्र प्रतलावर साइन आणि टॅन रंगांत बघायचे असतील तर

संमिश्र चलाच्या साइनचा आलेख काढायला बसलं की पहिली अडचण कागदाचीच येते. आत जाणाऱ्या संख्येला दोन भाग, बाहेर येणाऱ्या संख्येलाही दोन भाग. म्हणजे चार मिती हव्यात, आणि कागदाला असतात दोनच. यावरचा सगळ्यात उपयोगी तोडगा रंगांचा आहे. प्रतलावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे आत जाणारी संख्या झेड, आणि त्या बिंदूला दिलेला रंग म्हणजे फलनाची तिथली किंमत. किंमतीचा कोनांक, म्हणजे शून्यापासून ती कोणत्या दिशेला आहे तो कोन, कोणता रंग ते ठरवतो; मापांक, म्हणजे शून्यापासूनचं तिचं अंतर, तो रंग किती गडद किंवा फिका ते ठरवतो. या पद्धतीला डोमेन कलरिंग म्हणतात. हे नाव फ्रँक फॅरिस या गणितज्ञांनी दिलं.

मी पदवीच्या वर्गाला संमिश्र विश्लेषण शिकवते. अशी चित्रं काढायला मी एमपीमॅथ या पायथन लायब्ररीतलं सीप्लॉट हे फंक्शन वापरते. हे परीक्षण त्याचंच, तेही फक्त त्रिकोणमितीय राशींपुरतं. झीटा किंवा गॅमा फलनाची चित्रं तो सुंदर काढतो, पण तो विषय वेगळा.

मत आधीच सांगून टाकते. शिकायला आणि शिकवायला याच्याइतकं भरवशाचं फुकट साधन मला दुसरं माहीत नाही. मात्र ते जसं हातात येतं तसंच वापरू नका. ठिपक्यांची संख्या, अंकांची अचूकता आणि रंगांचा नियम या तिन्ही गोष्टी आपण हाताने ठरवल्या, तरच ते साइन आणि टॅनबद्दल खरं बोलतं.

एमपीमॅथ फ्रेड्रिक योहानसन यांनी २००७ साली सुरू केली. परवाना बीएसडीचा आहे, म्हणजे वापरायला, बदलायला, वाटायला मोकळीक. तिचं मूळ काम चित्रं काढणं नाहीच. हव्या तितक्या दशांश स्थळांपर्यंत आकडेमोड करणं हे तिचं काम. सिम्पाय ही चिन्हांच्या गणिताची लायब्ररीही आकड्यांसाठी तिच्यावरच विसंबते. चित्राची सोय तिने मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या पायथन लायब्ररीच्या आधाराने जोडून दिली आहे, त्यामुळे मॅटप्लॉटलिब आधी बसवलेली असावी लागते. वापर अगदी सोपा. सीप्लॉट लिहायचं, कंसात साइन लिहायचं, चालवायचं. भाग सांगितला नाही तर वास्तव आणि काल्पनिक दोन्ही अक्षांवर उणे ५ ते ५ एवढा चौकोन घेतला जातो. अक्षांवर आर ई झेड आणि आय एम झेड अशी नावंही आपोआप येतात.

साइनचं पहिलं चित्र नीट वाचायला वेळ द्या, कारण पुढची सगळी चित्रं याच सवयीवर वाचायची आहेत. सीप्लॉटच्या नियमात धन वास्तव संख्या लाल, ऋण वास्तव संख्या फिरोजी, धन काल्पनिक पोपटी आणि ऋण काल्पनिक जांभळी दिसते. शून्य काळं, अनंत पांढरं. वास्तव अक्षावरून डावीकडून उजवीकडे नजर फिरवली की शाळेतला साइन लगेच ओळखू येतो: शून्य ते पाय (३.१४) लाल, पायच्या पुढे फिरोजी, आणि ०, उणे पाय, पाय या तीन जागी गडद ठिपके. इथपर्यंत नवीन काही नाही. खरी गंमत अक्ष सोडून वर गेल्यावर सुरू होते. साधारण १.५ ते २ उंचीनंतर चित्रात उभे पट्टे दिसू लागतात, आणि उंची बदलली तरी पट्ट्यांचे रंग बदलत नाहीत, फक्त फिके होत जातात. याचं कारण सूत्रातच आहे. साइन झेड म्हणजे दोन घातांकी पदांची वजाबाकी. वरच्या बाजूला त्यातलं एक पद इतकं मोठं होतं की दुसऱ्याची दखल घ्यायची गरज उरत नाही. उरलेल्या पदाचा कोनांक फक्त एक्सवर, म्हणजे झेडच्या वास्तव भागावर, अवलंबून असतो, मापांक फक्त वायवर, म्हणजे काल्पनिक भागावर. म्हणून उभे पट्टे. खालच्या अर्ध्यात दुसरं पद जिंकतं, आणि तिथे रंगांचा क्रम उलटा धावतो. वर डावीकडून उजवीकडे जाताना लालच्या आधी जो रंग लागतो, तो खाली लालच्या नंतर लागतो. विद्यार्थ्यांना मी आधी सूत्र देत नाही. चित्र समोर ठेवते आणि हा उलटा क्रम त्यांनाच शोधायला लावते. एकदा तो सापडला की दोन घातांकी पदांची गोष्ट त्यांना घोकावी लागत नाही.

साइन नेहमी उणे १ ते १ मध्ये राहतो हा शाळेतला समजही इथेच सुटतो. साइनच्या मापांकाचा वर्ग म्हणजे एक्सच्या साइनचा वर्ग अधिक वायच्या हायपरबोलिक साइनचा वर्ग. चित्राच्या वरच्या कडेला वाय ५ असतो, आणि ५ चा हायपरबोलिक साइन ७४.२ आहे. त्याच सूत्रातून हेही कळतं की साइनची शून्यं वास्तव अक्षावरच असतात: दोन वर्गांची बेरीज शून्य व्हायची तर दोन्ही शून्य हवेत, आणि वायचा हायपरबोलिक साइन वाय शून्य असतानाच शून्य होतो. चित्रात अक्षाबाहेर एकही काळा ठिपका का नाही, याचं उत्तर एवढंच.

कॉससाठी वेगळं चित्र काढायची गरज नाही. तेच चित्र पायच्या अर्ध्याने डावीकडे सरकवलेलं.

टॅनचं चित्र मात्र संग्रही ठेवण्यासारखं आहे. वास्तव अक्षावर एकाआड एक काळे आणि पांढरे ठिपके: ०, उणे ३.१४, ३.१४ ला शून्यं, आणि १.५७ व ४.७१ ला तसंच त्यांच्या ऋण जागी ध्रुव, म्हणजे फलन अनंताकडे जातं अशा जागा. शून्याभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरलं तर रंग लाल, पिवळा, हिरवा, फिरोजी, निळा, जांभळा या क्रमाने येतात. ध्रुवाभोवती त्याच दिशेने फिरलं तर क्रम उलटतो. पांढऱ्या ठिपक्यावर शंका आली तर रंगांचा क्रम तपासावा; तो खरा ध्रुव आहे की नुसतं मोठ्या मापांकाचं ठिकाण, हे क्रमच सांगतो.

आणि मग अक्षापासून जरा दूर गेलं की सगळं संपतं. वरचा भाग सपाट पोपटी, खालचा सपाट जांभळा. वर्गात हे चित्र पहिल्यांदा लावलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, वरचा भाग अजून लोड व्हायचाय का?” प्रश्न फार चांगला होता, कारण तो सपाट रंग हाच टॅनचा सगळ्यात मोलाचा गुण आहे. वाय वाढत गेला की टॅन आय या किमतीकडे जातो, खाली उणे आयकडे. तेही फार वेगाने: वाय ३ असताना टॅन आणि आय यांच्यातलं अंतर साधारण ०.००५ एवढंच उरतं. तरी टॅन आयला कधीच पोहोचत नाही. टॅन झेड आय झाला तर साइन म्हणजे आय गुणिले कॉस. दोन्ही बाजूंना आयने गुणून एका बाजूला आणलं की कॉस अधिक आय साइन शून्य. पण ती राशी म्हणजे ई चा आय झेड घात, आणि घातांकी फलन कुठेच शून्य होत नाही. फळ्यावर हे दोन ओळींत होतं. पण आधी तो पोपटी सपाट भाग पाहिलेला असला की त्या दोन ओळी सिद्धता म्हणून ऐकल्या जातात, नाहीतर नुसतं चिन्हांचं इकडून तिकडे होतं.

आता पहिली तक्रार. सीप्लॉट स्वतःहून २००० ठिपकेच घेतो. चौकोनी भागात ती ४५ गुणिले ४५ अशी जाळी होते, म्हणजे दर ठिपक्यामध्ये साधारण ०.२३ चं अंतर. झटपट नजर टाकायला हे पुरतं. पण टॅनसाठी हे फसवं आहे, आणि ते कसं हे आकड्यांत दाखवण्यासारखं आहे. १.५७०८ च्या ध्रुवाला जाळीचा सगळ्यात जवळचा ठिपका १.५९०९ वर पडतो. अंतर ०.०२, म्हणून तिथे टॅनचा मापांक ५० च्या आसपास. ४.७१२४ च्या ध्रुवाला जवळचा ठिपका ४.७७२७ वर. अंतर ०.०६, मापांक १७ च्या आतबाहेर. टॅनचे सगळे ध्रुव हुबेहूब सारखे असतात, फलन पाय अंतराने स्वतःलाच परत म्हणतं. तरी चित्रात आतला ध्रुव जास्त उजळ आणि बाहेरचा मळकट दिसतो. हा फरक गणिताचा नाही, जाळीचा आहे. ज्याला आधीच टॅन ठाऊक आहे तो हे दुर्लक्षून पुढे जाईल, पण शिकणारा विद्यार्थी त्या फरकाला अर्थ लावत बसेल. म्हणून पॉइंट्स हा पर्याय किमान ५०००० ठेवा. चौकोनात २२४ गुणिले २२४ ठिपके येतात आणि ध्रुव एकमेकांसारखे दिसू लागतात.

ठिपके वाढवले की वेळ वाढतो. सीप्लॉट एकेक ठिपका घेऊन, पायथनच्या साध्या चक्रात, एमपीमॅथच्या जड अंकांनी किंमत काढतो. यातून सुटका करायची सोय लायब्ररीतच आहे. एफपी नावाचा दुसरा संदर्भ आहे, त्यात तेच सीप्लॉट आणि तेच साइन संगणकाच्या नेहमीच्या दुहेरी अचूकतेच्या अंकांवर चालतात. एफपी डॉट सीप्लॉट लिहायचं आणि आत एफपी डॉट साइन द्यायचा. फरक लगेच जाणवतो. भिंतीवर लावायचं मोठं चित्र हवं असेल तर मात्र नमपाय या आकडेमोडीच्या पायथन लायब्ररीतल्या संमिश्र अ‍ॅरेवर सगळी किंमत एकदम काढून स्वतःच रंग द्यावेत. तिथे सीप्लॉटचा हट्ट धरू नये.

मग एफपीच का नको नेहमी? कारण एक परीक्षा आहे, आणि माझ्या लेखी एमपीमॅथची खरी किंमत त्या परीक्षेत दिसते.

साइनचा वर्ग अधिक कॉसचा वर्ग बरोबर १. शाळेपासून पाठ. संमिश्र झेडसाठीही हे तंतोतंत खरं आहे. तर या बेरजेचं चित्र काढा. उत्तर माहीत आहे: सगळीकडे १, म्हणजे सगळीकडे एकच लाल रंग, ना गडद ना फिका. काल्पनिक अक्ष मात्र उणे २५ ते २५ घ्या आणि अचूकता बदलू नका. मधला भाग छान सपाट लाल येतो. वाय १८ च्या आसपास लाल रंगात डाग पडू लागतात, २० च्या वर तर पूर्ण गोंधळ: काळे, फिकट, हिरवे, निळे ठिपके, कुठलाही नियम नाही. खालच्या बाजूलाही तसंच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल की नित्यसमता तिथे मोडते.

मोडत काहीच नाही. वाय २० असताना साइनच्या वर्गाचा मापांक ई चा ४० घात भागिले ४ एवढा असतो, म्हणजे ५.९ गुणिले १० चा १६ वा घात. कॉसचा वर्ग जवळजवळ तेवढाच, विरुद्ध चिन्हाचा. या दोन राक्षसी संख्या एकमेकींना खाऊन खाली १ उरायचा असतो. पण एमपीमॅथ सुरुवातीला १५ दशांश अंकांवर, म्हणजे ५३ बिटांवर चालते. १७ अंकी संख्येत शेवटचा एकक धरून ठेवायला तेवढे अंक पुरत नाहीत. जो १ उरायला हवा होता, तो गोलाई करताना आधीच गळून गेलेला असतो. चित्रात दिसतो तो फक्त गोलाईतला कचरा.

आता एमपी डॉट डीपीएस, म्हणजे किती दशांश अंकांवर काम करायचं ती किंमत, ५० करा, तीच ओळ पुन्हा चालवा. अख्खं चित्र लाल. एकही डाग नाही. याच एका गोष्टीसाठी मी ही लायब्ररी सोडत नाही. एफपीला हे करताच येत नाही, दुहेरी अचूकतेवर चालणारं कोणतंही साधन हे करू शकणार नाही. किती अंक लागतील याचा अंदाजही सोपा आहे: वायच्या प्रत्येक एककामागे साधारण ०.८७ अंक खर्च होतात. वाय ४० पर्यंत जायचं असेल तर ३४ अंक केवळ या वजाबाकीत जातात, मग ५० ठेवले तरच हातात पंधरा-सोळा खरे अंक राहतात. दोन मोठी त्रिकोणमितीय पदं एकमेकांना छेदतात अशी कोणतीही राशी काढताना हा हिशेब आधी करा आणि मगच चित्रावर विश्वास ठेवा. सिग्नल किंवा लहरींच्या गणितात काल्पनिक भाग मोठा असलेले कोन घेऊन काम करणाऱ्यांना तर ही परीक्षा मी आवर्जून करायला सांगेन.

रंगांबद्दलही मला बोलायचं आहे, कारण इथे मी सीप्लॉटशी पूर्ण सहमत नाही. फिकेपणा ठरवायला तो मापांकाचा ०.३ घात घेतो. हेतू चांगला आहे, शून्य ते अनंत एवढा पल्ला काळ्या-पांढऱ्यात बसवायचा तर काहीतरी दाबावंच लागतं. पण दाबलं जास्त गेलं आहे. मापांक १ असताना फिकेपणा ०.५०, आणि मापांक दुप्पट झाला तरी ०.५५. एवढा फरक डोळ्याला कळत नाही. त्यात पिवळा रंग मुळातच उजळ दिसतो आणि निळा मुळातच गडद, त्यामुळे शेजारच्या पिवळ्या आणि निळ्या पट्ट्यात मापांक सारखाच असला तरी पिवळ्याकडे तो जास्त असल्याचा भास होतो. साइनच्या पट्ट्यांत हे हमखास घडतं. ज्यांना लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही, त्यांची तर आणखी पंचाईत.

सुदैवाने रंगांचा नियम बदलायला कलर हा पर्याय आहे. त्यात आपलं छोटं फंक्शन द्यायचं: एक संमिश्र संख्या घेणारं आणि लाल, हिरवा, निळा असे शून्य ते एकमधले तीन आकडे परत करणारं. मी वापरते तो नियम असा: रंग कोनांकावरूनच ठेवायचा, पण फिकेपणासाठी मापांकाचा २ या पायाचा लॉग घ्यायचा, त्याचा फक्त अपूर्णांक भाग ठेवायचा, आणि तो ०.४ ते ०.६ मध्ये पसरवायचा. शून्याला लॉग नसतो, तिथे सरळ काळा परत करायचा. यामुळे मापांक दर वेळी दुप्पट झाला की एक स्पष्ट कड उमटते, नकाशातल्या समोच्च रेषांसारखी.

साइनच्या चित्रात या कडा काय दाखवतात ते बघण्यासारखं आहे. अक्षापासून दूर त्या आडव्या आणि सारख्या अंतरावर येतात, दर ०.६९ ला एक. ०.६९ म्हणजे २ चा नैसर्गिक लॉग, कारण तिथे मापांक ई च्या वाय घाताने वाढतो. अक्षाजवळ त्या वाकतात आणि शून्यांभोवती बंद वळी घेतात. आणि मापांक बरोबर १ असलेली कड? ती शून्याच्या वर ०.८८ उंचीवरून निघते, खाली येते, आणि अक्षाला नेमकी पायच्या अर्ध्यावर गाठते. तिथे दोन कडा एकमेकींना काटकोनात छेदतात. पायचा अर्धा म्हणजे साइनचं शिखर, जिथे त्याचा विकलज कॉस शून्य होतो. वास्तव अक्षावरून पाहिलं तर ते शिखर आहे, पण काल्पनिक दिशेने गेलं तर साइन तिथून वाढतच जातो. संमिश्र प्रतलात ते खिंडीसारखं ठिकाण आहे, आणि छेदणाऱ्या दोन कडा तेच सांगतात. मूळ रंगांत हे अजिबात दिसत नाही. मला विचाराल तर हा नियम सीप्लॉटमध्ये तयार मिळायला हवा होता.

१ भागिले झेडचा साइन काढून बघायचा मोह प्रत्येकाला होतो. काढा, पण चौकोन लहान घ्या, उणे ०.५ ते ०.५. शून्यं ०.३१८, ०.१५९, ०.१०६ अशी आत आत गर्दी करत येतात. मधल्या भागात जाळी कितीही बारीक केली तरी पुरत नाही; तिथल्या ठिपक्यांना फार अर्थ देऊ नका. एखाद्या ठिपक्यावर शून्याने भागायची वेळ येऊन त्रुटी निघाली तर सीप्लॉट थांबत नाही, तिथे करडा ठिपका ठेवून पुढे जातो. ही वागणूक मला पसंत आहे. करडा रंग इतर कुठल्याच किमतीचा नाही, त्यामुळे ‘इथे उत्तर नाही’ हे प्रामाणिकपणे कळतं.

कॉस टी अधिक आय साइन टी असा वक्र काढायचा असेल, टी बदलत जाईल तसा बिंदू कुठे जातो ते बघायचं असेल, तर सीप्लॉट हे त्याचं साधन नव्हे. त्याला कोणतंही पॅरामेट्रिक आलेख काढणारं ॲप चालेल. सेज या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्लेक्स प्लॉट आहे, तोही फुकट. मॅथेमॅटिकात २०१९ च्या बाराव्या आवृत्तीपासून याच कामाची तयार आज्ञा आहे, पण ते विकतचं सॉफ्टवेअर. दोन्ही चांगली आहेत. माझं पारडं एमपीमॅथकडे झुकतं ते डीपीएसच्या त्या एका ओळीमुळे, आणि ती विद्यार्थ्याच्या साध्या संगणकावरही बसते म्हणून.

मला सगळ्यात जास्त जाणवणारी उणीव वेगळीच आहे. चित्रावर माउस नेला की खाली बिंदूचे एक्स आणि वाय दिसतात, पण त्यांच्यापुढे कंसात येतात ते रंगाचे तीन आकडे. फलनाची किंमत येत नाही. चित्र म्हणजे शेवटी रंगवलेले ठिपके, मॅटप्लॉटलिबला त्यामागचा साइन ठाऊक नसतो. यावर उपाय असा: अक्ष आपणच आधी तयार करायचा, सीप्लॉटला ॲक्सेस या पर्यायात द्यायचा, आणि त्या अक्षाच्या फॉरमॅट कोऑर्ड या जागी एक छोटं फंक्शन ठेवायचं, जे एक्स आणि वाय घेऊन साइनची किंमत लिहून देईल. अक्ष आपण दिला की चित्र दाखवायची आज्ञाही आपणच द्यावी लागते, हे लक्षात ठेवा. एवढं केलं की वर्गात प्रश्न विचारता येतो: साइन २ कुठे होतो? वास्तव अक्षावर कुठेच नाही हे सगळ्यांना पाठ असतं. मग कोणीतरी माउस घेतो, लाल पट्टा धरून पायच्या अर्ध्याच्या रेषेवरून वर सरकतो, आणि १.३१७ उंचीला खाली २ येतो. तेवढाच खाली गेला तरी पुन्हा २.

याच दोन उत्तरांमुळे उलट फलन, म्हणजे आर्कसाइन, काढताना कट येतो, म्हणजे जिथे किंमत एकदम उडी घेते अशी रेघ, आणि सीप्लॉट तो फार स्वच्छ दाखवतो. फंक्शनचं नाव असाइन. उणे ३ ते ३ चा चौकोन घ्या. उणे १ ते १ मध्ये रंग अखंड वाहतात. १ च्या उजवीकडे मात्र अक्षाच्या वर नारिंगी-पिवळा आणि खाली गुलाबी, मध्ये तीक्ष्ण रेघ. २ च्या किंचित वर आर्कसाइनचा कोनांक ४० अंश, किंचित खाली उणे ४०, म्हणून हे दोन रंग. उणे १ च्या डावीकडे तीच गोष्ट हिरव्या आणि निळ्यात. एकच काळजी घ्या: ठिपक्यांच्या ओळींची संख्या विषम असली तर एक ओळ नेमकी वास्तव अक्षावर बसते, आणि तिला लायब्ररीच्या नियमाप्रमाणे एका बाजूचा रंग मिळतो, त्यामुळे कट एका ओळीने सरकल्यासारखा दिसतो. पॉइंट्स ५०००० ठेवले की ओळी २२४ होतात, अक्ष दोन ओळींच्या मधून जातो आणि नारिंगी-गुलाबीची सीमा जिथे असायला हवी तिथेच पडते.